विमा नव्हे हो

एग फ्रीझिंग (पुढे मूल हवं झालं तर वापरता यावीत म्हणून स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवणं) म्हणजे विमा, एकदा हप्ता भरला की निश्चिंत, असं या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय. नाही पटलं. विम्याची रक्कम ठरलेली असते. इथे गोठवलेल्या बीजांपैकी वितळवल्यावर किती टिकतील, किती फळतील, हे कोणी लिहून देत नाही. बीजाचं वय गोठवतानाचं धरलं जातं, हे मात्र अगदी खरं. म्हणून मी 34व्या वर्षीच करून टाकलं.

इथे खर्चावर एवढं बोलणं झालं, पण बीजं काढण्याआधीच्या दहा-बारा दिवसांबद्दल कोणी लिहिलंच नाही. बीजं वाढावीत म्हणून रोज ठरल्या वेळी पोटात इंजेक्शन, मधूनमधून सोनोग्राफी. कोथरूडच्या घरी इंजेक्शनची पेनं फ्रिजच्या दारात, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. आईने बघितलं आणि घाबरून विचारलं, "शुगर निघाली का गं तुला?" शेवटचं, ट्रिगरचं (बीजं पक्व करणारं) इंजेक्शन घड्याळ लावून घ्यावं लागतं, कारण त्यानंतर साधारण 36 तासांनी बीजं काढतात. माझी वेळ रात्री साडेदहाची, आणि नऊ वाजले तरी मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये! त्या दिवशी सरळ घरून काम करा. आणि हो, सहाय्यक पुनरुत्पादनाच्या (एआरटी) 2021च्या कायद्याने आयव्हीएफसारखे हे उपचार बाईला पन्नाशीच्या आतच मिळतात, तेव्हा ठेवलेली बीजं कधीही वापरू, असंही नाही.