"माहीत नाही" म्हणणाऱ्या मुलाला बोलण्याची थेरपी लागू पडते का?

मनवा: मुलगा ९ वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो भरपूर, पण फक्त बसगाड्यांवर. रात्री झोपेपर्यंत एकच प्रश्न: "उद्या आमच्याच बाई येणार ना?" वीसदा हो म्हणते, तरी सकाळी पोट दुखतंच. चिंतेसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) सुरू केली, चार सेशन झाली. थेरपिस्ट विचारते, "कसं वाटतंय?" हा म्हणतो, "माहीत नाही." घरचे म्हणतात, बंद कर. करू का?

तेजू: थेरपी बंद नको, पद्धत बदलायला सांगा. माझी मुलगीही हेच म्हणायची. टाळत नव्हती हो, आत काय चाललंय ते तिला खरंच उमगत नव्हतं. दुसऱ्या थेरपिस्टने "कसं वाटतंय" सोडूनच दिलं. हिला लिफ्टचं वेड, म्हणून कागदावर दहा मजली इमारत काढली. तळमजला निवांत, दहावा म्हणजे पळून जावंसं वाटणं. "आत्ता कितवा मजला?" याला उत्तर लगेच! कुत्र्याची भीतीही तशीच पायरीपायरीने: चित्र, मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग खिडकीतून खरा कुत्रा. खिडकीपाशी तीन आठवडे अडलो होतो.

आणि ते वीसदा "हो" कमी करा. घटकाभर बरं वाटतं, प्रश्न परत येतोच. शिवाय बाई आजारी पडल्या तर तुम्ही खोट्या ठरता. कार्डावर लिहून द्या: "बहुतेक येतील. नाही आल्या तर दुसऱ्या बाई. डबा नेहमीच्याच वेळी."

समुपदेशक_र: तेजूताईंशी सहमत. अमेरिकेत ७ ते १३ वयाच्या १६७ ऑटिस्टिक मुलांवरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. साध्या सीबीटीनेही फरक पडला, पण ऑटिझमनुसार बदललेल्या सीबीटीने जास्त. थेरपिस्टला थेट विचारा: चित्रं आणि पर्याय दिलेल्या वर्कशीट वापरता का? मधे सुट्टी देता का? आईला सोबत बसवता का?

सावली: मी स्वतः ऑटिस्टिक आहे. पायऱ्या चढवण्याआधी भीती आहे की त्रास, ते बघा. हँड ड्रायरचा आवाज मला कानात टोचतो. लहानपणी "सवय होईल" म्हणून पुन्हापुन्हा तिथे उभं केलं. सवय झाली नाही, फक्त गप्प राहायला शिकले. कानांवर हेडफोन दिले असते तर पुरलं असतं.

मनवा: काल दहा थांब्यांचा बसमार्ग काढला. शाळेचं गेट? "आठवा थांबा." बाई दिसल्यावर? "दुसरा." आणि बदली बाई आल्या तर? "शेवटचा. त्या डस्टर टेबलावर आपटतात."

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. पुढच्या सेशनला हाच कागद घेऊन जातेय.