एसीचा वारा वाटेत मंदावतो, ब्लोअर मात्र जोरात चालतो: डॅशबोर्ड उघडण्याआधी काय तपासावं?

गाडी पेट्रोल हॅचबॅक, बरीच जुनी. एसी साधा, नॉब फिरवायचा. गाडी काढल्यावर वारा भरपूर येतो आणि गारही असतो. हायवेला अर्धा-पाऊण तास झाला की तो हळूहळू कमी होत जातो, आणि शेवटी जाळीला हात टेकवला तरच काहीतरी लागतं. जे येतं ते मात्र गारच असतं. ब्लोअरचा आवाज अजिबात उतरत नाही, उलट नॉब चारवर असेल तर आत कुठेतरी कोंडल्यासारखा घुमतो.

एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत वारा पूर्ववत होतो. त्या वेळी गाडी बाजूला घेतली तर खाली एरवीसारखं थेंब-थेंब नाही, धारेने पाणी पडतं.

मागच्या सीटवर आई असते. तिला उकाडा सोसत नाही, लगेच गरगरायला लागतं. त्यामुळे हे कसंही करून मार्गी लावायचं आहे.

आतापर्यंत काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तेच तेच पुन्हा सुचवायला नको. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढला. घड्यांमध्ये पाचोळा आणि काळा थर होता. नवीन बसवला, बाणाची दिशा बघून. त्याने सुरुवातीचा वारा वाढला, पण पाऊण तासानंतरचं रडगाणं तसंच. ब्लोअरचे चारही स्पीड चालतात, म्हणजे वेग ठरवणारा रेझिस्टर ठीक असावा (तो गेला तर बहुतेक गाड्यांत फक्त शेवटचा स्पीड उरतो). वारा कमी होतो तेव्हा समोर, पायाशी, काचेवर सगळीकडेच कमी होतो, त्यामुळे वारा वळवणारा फ्लॅप अडकल्याचीही शंका वाटत नाही. आतली हवा फिरवा किंवा बाहेरची घ्या, फरक शून्य.

मला वाटतं डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय आणि पत्र्यांमधल्या फटी बुजतायत. पण का धरतोय? एका गॅरेजमध्ये म्हणाले गॅस कमी आहे, भरून टाकू. दुसरीकडे म्हणाले डॅशबोर्ड उतरवून कॉइलच बदला. गॅस कमी असेल तर गारवा कमी व्हायला हवा ना, बर्फ कसा होईल? आणि डॅशबोर्ड एकदा उतरवला की क्लिपा तुटतात, नंतर खडखड कायमची. त्याआधी नक्की निदान करायची काही पद्धत आहे का?

प्रतिसाद:

बर्फाचा अंदाज बरोबर आहे. बंद केल्यावर वारा परत येणं आणि पाण्याची धार, या दोन खुणा पुरेशा आहेत. कॉइल बदलायची घाई अजिबात करू नका.

गॅस कमी असूनही बर्फ होतो. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, आणि दाब उतरला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो. आर-१३४ए हा गॅस दाब मोजायच्या गेजवर साधारण २८ पीएसआयला शून्य अंशावर उकळतो. दाब बराच वेळ त्याच्या बराच खाली राहिला की कॉइलवरचं पाणी गोठणारच. मात्र गेज वारा चांगला असतानाच लावायला सांगा. बर्फ धरल्यावर लो साइडचा, म्हणजे कॉइलकडच्या बाजूचा, दाब आपोआप पडतो आणि मग गॅस कमी नसतानाही कमी दिसतो. खरोखर कमी निघाला तर आधी गळती शोधायला लावा. गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला.

तुमचा गारवा सुरुवातीला उत्तम आहे, म्हणून माझा पहिला संशय कॉइलचं तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरवर. कॉइल गोठायला आली की कॉम्प्रेसर बंद करायला सांगणं हे त्याचं काम. वारा पडायला लागला की गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि लांबूनच कॉम्प्रेसरच्या पुढच्या क्लचकडे (कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारी-सोडणारी चकती) बघा. पट्टा आणि पंख्यापासून हात आणि कपडे दूर. अधूनमधून टक् करून तो सुटायला हवा. वारा जवळजवळ संपला तरी सुटत नसेल तर दोष थर्मिस्टरचा, त्याच्या वायरिंगचा नाहीतर जागेवरून हललेल्या टोकाचा. टोक पत्र्यांतून निसटलं की त्याला कॉइलचा गारवा कळतच नाही.

थर्मिस्टर काढून मल्टिमीटर लावा आणि बर्फाच्या पाण्यात धरा. गार होईल तसा रेझिस्टन्स सलग वाढत जायला हवा. मध्येच उडी मारत असेल किंवा जागचा हलत नसेल तर बदला. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्स काढला की हाताला लागतो, डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही.

तोवर आईंना घेऊन जाताना ब्लोअर एकवर ठेवू नका, मंद वाऱ्यात बर्फ लवकर धरतो. वारा पडायची वाट न बघता मध्ये मध्ये पाच मिनिटं एसीचं बटण बंद करत जा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. वारा चांगला असताना गेज लावलं, दोन्ही बाजूंचे दाब व्यवस्थित होते. क्लच मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर थर्मिस्टरचं टोक कॉइलबाहेर मोकळं लोंबताना दिसलं, त्याची प्लास्टिकची क्लिप तुटली होती. बर्फाच्या पाण्यात तो ठीक निघाला, म्हणून नवीन क्लिप लावून तोच परत पत्र्यांत बसवला. आता लांबच्या प्रवासातही वारा शेवटपर्यंत तसाच राहतो आणि क्लचची टक् टक् नीट ऐकू येते.

एक राहिलंच. एसी लावल्यावर पहिला मिनिटभर ओलसर कुबट वास येतो. कॉइलसाठी मिळणारा फोम ड्रेन पाइपमधून मारावा की फिल्टर काढून वरून? ब्लोअरच्या मोटरवर तो उडू नये म्हणून काय काळजी घ्यायची?