शेंगा चटणीच्या पाकिटावर ७ आकडा: पाकीट टाकायचं कुठे?

प्रश्न: सोलापुरी शेंगा चटणीच्या चकचकीत पाकिटावर बाणांच्या त्रिकोणात ७ आहे. म्हणजे पुनर्वापर होतो ना? चटणी बनवणाऱ्या आमच्या गटाच्या नव्या पाकिटावर काय छापावं?

उत्तर १: नाही. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ पेट (पाण्याची बाटली), ५ पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (दह्याचा डबा), ७ म्हणजे 'इतर'. चटणीचं पाकीट बहुधा थरांचं असतं: बाहेर छपाईचं पॉलिएस्टर, मध्ये अॅल्युमिनियमचा थर, आत सील होणारं पॉलिथीन. हवा आणि उजेड लागला की शेंगदाण्याचं तेल खवट होतं, म्हणून हे थर लागतात. पण ते वेगळे करणं अवघड आणि महाग, त्यामुळे भंगारवाला असं पाकीट सहसा घेत नाही.

उत्तर २: त्रिकोणाशेजारी साध्या मराठीत छापा: 'पाकीट रिकामं करून पुसा, सुक्या कचऱ्यात टाका.' पाकिटाचं तेल सुक्या कचऱ्यातल्या कागद-पुठ्ठ्याला लागलं की तोही वाया जातो. 'पर्यावरणपूरक' असं मोघम लिहू नका. सूचना फाडायच्या खाचेजवळ किंवा मागच्या सीलवर नको, पाकीट उघडताच ती फाटते नाहीतर घडीत दडते.

उत्तर ३: काचेची बरणी असेल तर 'झाकण वेगळं करा' हेही हवं. आणि 'कंपोस्टेबल' (कुजून खत होणारी) पिशवी पेटच्या भंगारात नको, माल बिघडतो.

उत्तर १: छपाईआधी पिशवी पुरवणाऱ्याकडून थरांची नावं लेखी घ्या. फक्त पीपीचे थर निघाले, तर आकडा ५ येईल.