‘भाव ठेवणे’ म्हणजे नक्की काय?

बायबलातलं नीतिसूत्रे ३:५ आम्हाला लहानपणापासून पाठ आहे, ‘परमेश्वरावर अगदी मनापासून भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’. परवा मुलीने विचारलं, आई भाव ठेव म्हणजे काय गं, भाव तर बाजारात असतो ना? मला पटकन सांगताच येईना. ‘भरवसा ठेव’ म्हटलं तर चालेल का, की फरक आहे?

प्रतिसाद:
ताई, मला तरी फरक वाटतो. मूळ हिब्रूत तिथे ‘बाताख’ आहे, एखाद्यावर निर्धास्त विसंबणं. भरवसा अर्थाने जवळचाच, पण आपण बोलताना वापरतो कसा बघा, पावसाचा भरवसा नाही, लाईटचा भरवसा नाही, भरवशाच्या म्हशीला टोणगा. म्हणजे पदरात काहीतरी पडणार हे आधीच धरलेलं असतं. भाव हा वारकऱ्यांच्याही तोंडचा शब्द, भाव तेथे देव, त्यात हिशोब नाही, तो बायबलात आला हे फार बरं झालं.

हे मला कळलं ते आईच्या आजारपणात. बायोप्सीचा रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले आणि नऊही दिवस माझी प्रार्थना एकच, रिपोर्ट चांगला येऊ दे. वाईट आला. मग कितीतरी रविवार मी चर्चला गेलोच नाही, कारण माझा भरवसा खरं तर रिपोर्टवरच होता. आई मात्र प्रत्येक केमोला ती रबर लावलेली प्लास्टिकची फाइल घेऊन निघायची, आणि फाइलीत सगळ्यात वर, रिपोर्टांच्याही वर, वहीचा फाडलेला कागद, त्यावर तिच्या अक्षरात रोम ८:३५, ‘ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील?’ मी विचारलं बरी होशील ना गं, तर म्हणाली ते मला नाही माहीत, पण त्याची प्रीती माहितीये. दानीएल ३ मध्ये राजाच्या मूर्तीला नमत नाहीत म्हणून ज्यांना पेटत्या भट्टीत टाकणार असतात, ते तिघं राजाला हेच म्हणतात ना, देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते ‘नाही सोडवलं तरी’ म्हणजे भाव.

प्रतिसाद:
याला जोडूनच, याकोब १:२ मध्ये ‘परीक्षा’ आणि १:१३ मध्ये ‘मोह’ आहे पण ग्रीकमध्ये दोन्हीकडे मूळ एकच, पेइरास्मोस आणि त्याचं क्रियापद. मराठीने दोन शब्द वेगळे ठेवले ते मला फार मोलाचं वाटतं. दुखणं आलं की कुणीतरी सांगतंच, देव तुला पाडून बघतोय, आणि तेराव्या वचनात नेमकं तेच नाकारलंय, देव कुणाला मोहात पाडत नाही.

प्रतिसाद:
दोघांचे खूप आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं, ती विचारतेय त्या आजी आता कशा आहेत?

प्रतिसाद:
आई मार्चमध्ये गेली ताई. फाइल माझ्याकडे आहे, कागद तसाच सगळ्यात वर.