सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी: घरभेट कशी करायची?

प्रश्न: आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक विभागात) गरिबांना मदत करणाऱ्या या कॅथलिक सोसायटीची नवी कॉन्फरन्स, म्हणजे स्थानिक गट, सुरू होतेय. वस्तीत एकट्यानं गेलं तर चालेल का? मदत रोख द्यावी की वस्तूंत?

उत्तर १: एकट्यानं नको, दोघांनीच जा. मदत मागणाऱ्यालाही त्यात सुरक्षित वाटतं आणि निर्णय एकाच्या मर्जीवर राहत नाही. १८३३ मध्ये पॅरिसला सोसायटीचा संस्थापक ओझानाम आणि त्याचे मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले, त्यांना वाट दाखवली सिस्टर रोझाली रेंदू यांनी. घरभेट तेव्हापासून कामाचा गाभा आहे. पैसा सभेतल्या गुप्त वर्गणीतूनही येतो: थैली फिरते, कुणी किती टाकले ते कळत नाही.

उत्तर २: रोख शक्यतो टाळा. भाडं घरमालकाला, फी शाळेत, औषधाचं बिल केमिस्टकडे भरा आणि पावती खजिनदाराकडे द्या. धान्य देण्याआधी सिलिंडर आहे का ते बघा, नाहीतर तांदूळ विकला जातो. खरी गरज बरेचदा रेशनकार्डाची असते. तिथं रांगेत सोबत उभं राहणं पिशवीपेक्षा जास्त कामी येतं.

उत्तर ३: फॉर्म घरात बसून भरू नका, चौकशी वाटते. धर्मावरून मदत ठरवायची नाही. आणि हो, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं बंद!