सल्ला हवाय: शाळेत ब्लॅक कुटुंबांवरच्या छोट्या एकांकिका बसवायच्यात, कुठून सुरुवात करू?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी न्यू जर्सीत एका पब्लिक हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते. कॉलेजात असताना पुण्यात दोनदा पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेला होते (एकदा प्रॉम्प्टिंग, एकदा तीन वाक्यांची म्हातारी, बास) हे कधीतरी स्टाफरूममध्ये बोलून गेले आणि ते आता अंगाशी आलंय. ड्रामा क्लबचे सर वर्षाच्या मध्येच सोडून गेले आणि क्लब माझ्या गळ्यात पडला. फेब्रुवारीत इथे ब्लॅक हिस्टरी मंथ असतो, दरवर्षी तीच पोस्टरं आणि तीच भाषणं. यंदा क्लबातली नऊ मुलं आली, सगळी ब्लॅक, म्हणे आम्हाला छोटी नाटकं करायचीत, घरातली. एक पोरगी तर स्पष्टच म्हणाली, मिस, गुलाम नकोत आणि भाषणं पण नकोत.

आता माझी अडचण. मला 'अ रेझिन इन द सन' हे नाटक सोडून एक नाव माहीत नाही. वेळ सगळा मिळून पाऊण तास, म्हणजे दोन-तीन तुकडे. सेट म्हणजे कॅफेटेरियातलं टेबल आणि कुणाच्या तरी घरचा सोफा. पैसे जवळजवळ नाहीत. आणि खरी भीती ही की मी बाहेरची, देशी बाई, मी काय सांगणार या मुलांना त्यांच्या घराबद्दल? कोणी असं काही बसवलंय का, पाहिलंय का?

विंगेतला

'रेझिन'चाच एखादा प्रवेश कर की. तो विम्याच्या दहा हजार डॉलरच्या चेकवरून घरात जुंपते तो. आई, मुलगा, सून, सगळं आलं त्यात. १९५९ चं आहे पण आजही चालतं.

शिकागोची_मावशी

विंगेतल्या भाऊ, नाटक थोरच आहे, ब्लॅक बाईने लिहिलेलं ब्रॉडवेवर आलेलं ते पहिलं नाटक, पण प्रत्येक शाळा तेच करते आणि तुकडा काढून करायलाही परवाना लागतो. शिवाय मधलाच प्रवेश उचलला की त्या आईला ते घर का हवंय हे कळतच नाही, नुसती भांडाभांडी दिसते.

घंटाताई, तुला मुळातच एकांकिका म्हणून लिहिलेल्या गोष्टी हव्यात, आणि त्या ढिगाने आहेत. १९२० च्या दशकात हार्लेम (न्यूयॉर्कमधली ब्लॅक वस्ती) आणि वॉशिंग्टनमध्ये ब्लॅक बायकांनी लिहिलेल्या एकांकिका बघ. त्या चर्चमध्ये, शाळेत, लायब्ररीच्या तळघरात करण्यासाठीच लिहिलेल्या, त्यामुळे एक खोली, चार-पाच माणसं, संपलं. ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइसने १९२६ मध्ये हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावरच्या लायब्ररीच्या तळघरात क्रिग्वा नावाची नाटकमंडळी काढली तेव्हा चार अटी घातल्या होत्या, नाटक आपल्याबद्दल असावं, आपण लिहिलेलं असावं, आपल्यासाठी असावं आणि आपल्या वस्तीजवळ व्हावं. तुझ्या पोरीचं म्हणणं वेगळं काय आहे?

माझी पहिली पसंती जॉर्जिया डग्लस जॉन्सनचं 'प्लूम्स', १९२७. गरीब घरातलं स्वयंपाकघर, आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरते, आतल्या खोलीत मुलगी आजारी. डॉक्टर म्हणतो ऑपरेशनला पन्नास डॉलर लागतील पण वाचेलच असं नाही. आईकडे पन्नास आहेत, पण ते तिने साठवलेत ते मुलगी गेलीच तर डोक्यावर तुरे लावलेल्या घोड्यांची थाटाची अंत्ययात्रा निघावी म्हणून, कारण आधी घरातली माणसं गेली तेव्हा त्यांची पाठवणी कशीबशी उरकली होती. शेजारीण कॉफीच्या कपातला गाळ बघून भविष्य सांगते. आई ठरवत राहते आणि तेवढ्यात... पुढचं वाच. वीसेक मिनिटं. ९५ वर्षं उलटून गेल्यामुळे अमेरिकेत याचा कॉपीराइटही संपलाय, एक पैसा द्यायचा नाही.

दुसरं, अ‍ॅलिस चिल्ड्रेसचं 'फ्लॉरेन्स', १९४९. दक्षिणेतल्या छोट्या गावचं रेल्वे स्टेशन, वेटिंग रूम, मधोमध एक बुटकं रेलिंग, इकडे गोरे तिकडे काळे. आई न्यूयॉर्कला निघालीय, नटी व्हायला गेलेल्या मुलीला घरी परत आणायला. रेलिंगपलीकडे एक गोरी बाई भेटते, गोड बोलते. तिचा भाऊ काळ्या लोकांवर कादंबऱ्या लिहितो, त्यांच्या मनातलं म्हणे त्याला फार कळतं, आणि आई ठामपणे म्हणते की असं नसतं हो. मग ही बाई मदत करते म्हणते आणि मुलीसाठी काय सुचवते, तर मोलकरणीची नोकरी. आईने तिकिटाचे पैसे मुलीला पाठवून दिले, चिठ्ठीत काय लिहिलं ते इथे फोडत नाही. याची परवानगी मात्र आधी काढ. आणि ताई, राग मानू नकोस, पण तालमी सुरू करण्याआधी ती गोरी बाई दोनदा वाच. तू विचारतेस ना 'मी काय सांगणार', तर ती बाई व्हायचं नाही एवढं सांभाळ.

लेझीम_इन_टेक्सास

भन्नाट धागा, वाचनखूण साठवली. एक कल्पना, आपल्या मंडळाच्या गणपतीत पण करता येईल ना हे मराठीत? भाषांतर करू, थोडा डार्क मेकअप, केसांचे टोप. सामाजिक विषय म्हणून बक्षीस पण मिळेल.

विंगेतला

लेझीमदादा, मेकअप अजिबात नको!! अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे लोक तोंडाला काजळी फासून काळ्यांची टिंगल करत गावोगाव खेळ करायचे, मिन्स्ट्रेल शो म्हणतात, ती जखम अजून ओली आहे. मंडळात केलंत तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरेल आणि मग कुणाला तोंड दाखवाल.

लेझीम_इन_टेक्सास

ओके ओके, कळलं. मला खरंच माहीत नव्हतं, मी साधं विचारलं होतं.

शिकागोची_मावशी

उलटा प्रकार मात्र झालाय हां. डग्लस टर्नर वॉर्डचं 'डे ऑफ अ‍ॅबसेन्स', १९६५, त्यात काळे नट चेहऱ्याला पांढरा रंग लावून गोऱ्यांची कामं करतात. दक्षिणेतल्या एका गावात एका सकाळी सगळे काळे गायब. बाळं रडतायत, स्वयंपाक नाही, कचरा तसाच, मेयर टीव्हीवर येऊन गयावया करतो. हसून पुरेवाट. त्याच रात्री जोडीला 'हॅपी एंडिंग' व्हायचं, ते तर घरातलंच आहे, हार्लेमच्या स्वयंपाकघरात दोघी बहिणी ढसाढसा रडतायत कारण त्या जिथे कामाला आहेत त्या गोऱ्या नवराबायकोचा घटस्फोट होतोय. भाचा चिडतो, लाज नाही वाटत का मालकासाठी रडायला, आणि मग हळूहळू त्याला कळतं की फ्रिजमधलं मटण, त्याच्या अंगावरचा सूट, सगळं कुठून येत होतं. या दोन नाटकांमागोमागच १९६७ मध्ये निग्रो एन्सेम्बल कंपनी ही ब्लॅक नाटकमंडळी उभी राहिली. परवाना लागेल, पण गुलाम नाहीत, भाषणं नाहीत आणि हशा घरातल्यांचा आहे.

संत्रानगरी

धागा वाचतोय केव्हाचा. मी नागपूरचा, आमच्याकडे हा विषय नवा नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलेलं, आणि जनार्दन वाघमारे सरांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं त्यालाही चाळीसच्या वर वर्षं झाली. म्हणजे ते वाचून आपल्याकडे माणसं पेटली होती एके काळी.

पण मला दुसरंच सांगायचंय. कॉलेजात असताना आमच्या वस्तीवरची एकांकिका एका मोठ्या कॉलेजच्या टीमने केली होती. भाषा आमची, शिव्या आमच्या, बाप दारू पिऊन मारतो, आई रडते, पोरगी जळते. ट्रॉफी त्यांची. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि शेजारचा टाळ्या वाजवत मला म्हणतो, काय वास्तव दाखवलंय ना भाऊ. आमच्या घरात बाप रोज संध्याकाळी रेडिओवर क्रिकेट ऐकायचा आणि आईला स्कोअर ओरडून सांगायचा, ते कुणीच दाखवलं नाही. दुःख खोटं नव्हतं हो, पण दुःखाशिवाय आम्हाला काही येतच नाही असं दाखवलं होतं.

तर मॅडम, मुलांना आधी विचारा त्यांच्या घरी संध्याकाळी काय होतं. नाटक त्यानंतर निवडा. आणि तुमची नऊ मुलं एकाच प्रकारची नसणार हे पण धरून चाला.

तिसरी_घंटा

संत्रानगरी, तुमचा प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचला. आज विचारलं मुलांना. एकाचे आईवडील हैतीचे, दोघी नायजेरियन, एकाची आजी साउथ कॅरोलायनातून लहानपणी आलेली, बाकीच्यांच्या घरी नेमकं कुठून हे कुणी बोलतच नाही. नायजेरियन मुलगी म्हणते घरी आई म्हणते तू अमेरिकन झालीस, शाळेत म्हणतात तू आफ्रिकन, आणि दुकानात गार्ड मागे फिरतो तेव्हा कुणी काही विचारतच नाही. हे मी वहीत लिहून घेत होते तर ती म्हणे, मिस, ते माझं आहे, मी लिहिते. घ्या!

शिकागोची_मावशी

झालं की मग तुझं तिसरं नाटक! लिहू दे तिला. सुझन-लोरी पार्क्स या ब्लॅक नाटककार बाईने २००२ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर रोज एक नाटक लिहिलं होतं, त्यातली कित्येक दोन-दोन पानांचीच आहेत. ती दाखव मुलांना, दोन पानांत पण नाटक होतं हे डोळ्यांनी दिसलं की हात मोकळा होतो.

आणि न्यू जर्सीत आहेस तर न्यू ब्रन्सविकचं क्रॉसरोड्स थिएटर तुझ्या अंगणातच आहे. जॉर्ज वुल्फचं 'द कलर्ड म्युझियम' १९८६ मध्ये तिथेच पहिल्यांदा झालं. अकरा छोटे तुकडे, म्युझियममधल्या वस्तूंसारखे. एकात बाईचे दोन केसांचे टोप एकमेकांशी भांडतात, एक गोल कुरळा अ‍ॅफ्रो आणि एक लांब सरळ, आज ब्रेकअपला बाई कुणाला घालून जाणार यावरून. एका तुकड्यात तर त्या 'रेझिन'छाप सोफ्यावरच्या रडक्या आईचीच खिल्ली उडवलीय. शाळेत सगळं चालणार नाही, काही भाग मोठ्यांचे आहेत, आणि सुटे तुकडे करायचे तर आधी हक्कवाल्यांना विचार. पण वाचायला दे.

डिमर_नंबर_चार

कोणीच लाईटचं बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, नाहीतर ऐन वेळी रडाल. मी मुंबईत प्रायोगिकवाल्यांची प्रकाशयोजना करायचो, आता टोरांटोत आहे. इथे आल्यावर पहिल्याच नाटकात माती खाल्ली. फोकस करताना स्टेजवर उभा कोण, तर एक गोरापान व्हॉलंटिअर. त्याच्यावर सगळं मस्त दिसलं. रंगीत तालमीला नट आले, चौघे सावळे ते चांगले काळे, आणि समोरच्या लाईटमध्ये चेहरे सपाट, डोळे गेले, शर्ट मात्र ट्यूबलाईटसारखा पेटलेला. मी काय केलं, समोरचे अजून वाढवले. अजून वाईट.

मग एका म्हाताऱ्या टेक्निशियनबाईने सांगितलं ते असं की काळ्या त्वचेवर कडेने आणि मागून आलेला प्रकाश गालाच्या हाडावर, कपाळावर चमक आणतो, चेहरा त्यातून उभा राहतो. तेव्हा समोरचे थोडे कमी, साइडचे दोन्ही बाजूंनी वाढव, एकीकडून गरम अंबर, दुसरीकडून लव्हेंडर. हिरवट जेल (लाईटपुढे लावतात तो रंगीत कागद) चुकूनही नको. पांढरेशुभ्र कपडे नको, क्रीम किंवा फिक्कट निळे घे. मागचा पडदा काळाभोर असेल तर डोक्यामागून बॅकलाईट हवाच, नाहीतर केस पडद्यात विरघळतात. आणि फोकसला तुझी मुलंच उभी कर, स्वतः उभी राहू नकोस.

तिसरी_घंटा

डिमरदादा, शाळेत बारा जुनाट लाईट आहेत, त्यातले तीन मेलेले. साइडला चार लावू शकते. चालेल?

डिमर_नंबर_चार

चार पुरेत. एक मागे टाक.

विंगेतला

भाषेचं काय करणार आहात? त्या जुन्या संहितांमध्ये बोली फार जाड लिहिलेली असते, आणि काही शब्द शाळेत उच्चारता पण येणार नाहीत असे.

शिकागोची_मावशी

बोली ताईने शिकवायची नाही, एवढा एकच नियम. मुलं घरी आजीला वाचून दाखवतील, आजी दुरुस्त करेल. शब्दांचं, जे संहितेत आहे आणि मुलांना म्हणायचं नाही ते आधी पालकांबरोबर बसून ठरवा. कॉपीराइट असलेल्या नाटकात एक शब्द गाळायचा तरी लेखी विचारावं लागतं, 'प्लूम्स'मध्ये तो त्रास नाही.

तिसरी_घंटा

अपडेट!! तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, तालमी आणि मिडटर्म एकदमच आले.

'प्लूम्स' आणि 'फ्लॉरेन्स' ठरलं (परवानगीची ईमेल टाकलीय, उत्तर यायचंय), मध्ये त्या मुलीचं स्वतःचं सात मिनिटांचं. दिग्दर्शन बारावीतली एक मुलगी करतेय, मी पुन्हा प्रॉम्प्टर. जिथून सुरुवात केली तिथेच.

पहिलं वाचन केमिस्ट्री लॅबमध्ये झालं, दुसरी खोली मिळाली नाही. साउथ कॅरोलायनावाली आजी आली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून शेवटच्या बाकावर. मुलं 'प्लूम्स' रडतरडत वाचायला लागली, अगदी आपल्या स्पर्धेत वाचतात तसं, प्रत्येक वाक्यावर पॉज. आजी पाच मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, या दोघी बायका मैत्रिणी आहेत ना, मग हसत का नाहीत? कपडे धुताना माझी आई आणि शेजारीण मेलेल्या माणसांबद्दलसुद्धा हसायच्या. आणि तिने सांगितलं की तिच्या आईची पुरण्याच्या खर्चाची विम्याची पॉलिसी होती, एजंट दर आठवड्याला दारात यायचा, पावत्यांची वही बायबलमध्ये ठेवलेली असायची. घरात दूध नसलं तरी ते नाणं बाजूला काढलेलं असायचं. डॉक्टरचं काम करणारा मुलगा, तिचाच नातू, म्हणाला आजी हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणे तू कधी विचारलंस?

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कॉफीच्या गाळाच्या जागी सगळे हसले आणि मग आतल्या खोलीतून हाक आली तेव्हा लॅबमध्ये कुणी हललं नाही. मी प्रॉम्प्ट द्यायचं विसरले, तसं कुणाला लागलंही नाही.

आता दोन प्रश्न. एक, तुऱ्यांचे घोडे दाखवायचे का नुसते खिडकीतून बघायचे? दिग्दर्शिका म्हणते आवाज सुद्धा नको, फक्त आईचा चेहरा. दोन, 'फ्लॉरेन्स'चं रेलिंग कशाचं करू? पुठ्ठ्याचं फार हलतं.

संत्रानगरी

दिग्दर्शिकेचं ऐका. चेहराच.

विंगेतला

आजीला तिकीट लावू नका म्हणजे झालं.

डिमर_नंबर_चार

रेलिंग शाळेच्या वर्कशॉपमधून लाकडाचंच करून घे आणि खालचा पाट रुंद ठेव, वर वाळूच्या पिशव्या. नाहीतर कुणीतरी भावनेच्या भरात टेकेल आणि रेलिंगसकट पहिल्या रांगेत जाईल. आमच्याकडे गेला होता, प्रमुख पाहुण्यांच्या मांडीत.