मदत हवी आहे: ३८६ वर रिंग ३ मधला पॉपएफ ट्रॅप होत नाही, आभासी इंटरप्ट फ्लॅग कसा सांभाळायचा?

इंटेल ३८६ प्रोसेसरसाठी छोटा डीपीएमआय होस्ट (डॉसखाली प्रोटेक्टेड मोडचे प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) लिहितोय. आयओपीएल (इंटरप्ट आणि आय/ओच्या सूचना कोणत्या रिंगपर्यंत थेट चालतील ती पातळी) ० आहे आणि प्रोग्राम रिंग ३ मध्ये, म्हणजे सर्वात कमी अधिकारात, चालतात. व्ही८६ मोडमध्ये (डॉस प्रोग्रामसाठीचा आभासी ८०८६) अडचण नाही: सीएलआय (इंटरप्ट बंद), एसटीआय (इंटरप्ट चालू), पुशएफ (फ्लॅग स्टॅकवर ठेवणे), पॉपएफ (ते परत भरणे) सगळे अपवाद १३ (संरक्षण-भंग, ज्यावर ताबा माझ्याकडे येतो) देतात, त्यामुळे प्रत्येक डॉस प्रोग्रामचा आभासी आयएफ (इंटरप्ट फ्लॅगची मी ठेवलेली वेगळी प्रत) नीट चालतो.

घोळ ३२-बिट प्रोटेक्टेड मोडच्या प्रोग्राममध्ये आहे. त्यांचा नेहमीचा क्रम म्हणजे पुशएफ, सीएलआय, काम, पॉपएफ. सीएलआयवर अपवाद १३ येतो, मी आभासी आयएफ ० करून ईआयपी (पुढच्या सूचनेचा पत्ता) एकाने पुढे ढकलतो. पॉपएफ मात्र अपवाद देतच नाही, गुपचूप आयएफ आणि आयओपीएल सोडून बाकीचे फ्लॅग भरतो. आभासी आयएफ ० वरच अडकतो आणि त्या प्रोग्रामला टायमर पुन्हा कधीच मिळत नाही. बाकीची टास्क मजेत चालू असतात.

आयओपीएल ३ नको. एकाने सीएलआय करून लूप लावला की सगळं यंत्र गोठतं, शिवाय आय/ओ बिटमॅपलाही (कोणते पोर्ट वापरता येतील त्याची यादी) अर्थ उरत नाही. इंट ३१ ची ०९०० ते ०९०२ फंक्शन्स (आभासी आयएफ वाचण्या-बदलण्याची डीपीएमआयची सोय) माहीत आहेत, पण हे प्रोग्राम ती वापरत नाहीत आणि सोर्स हाताशी नाही.

सध्या सीएलआयनंतर टीएफ (प्रत्येक सूचनेनंतर थांबवणारा फ्लॅग) लावून पुढचा ऑपकोड हेक्स ९डी, म्हणजे पॉपएफ, आहे का ते बघतो. चालतं, पण लांब क्रिटिकल सेक्शनमध्ये रखडतं. त्यात पुशएफ खरा आयएफ, म्हणजे १, स्टॅकवर टाकतो. एकात एक सीएलआय असले तर आतल्या पॉपएफलाच इंटरप्ट सुटतात.

पहिल्या सीएलआयला पुढचा कोड तपासून ९डी च्या जागी आयएनटी३ (एका बाइटची ब्रेकपॉइंट सूचना) बसवणं कितपत सुरक्षित? की टायमरच्या ठरावीक टिकनंतर आभासी आयएफ जबरदस्तीने १ करावा?